अमेरिकेत कॅथलिक मतदार खरंच निवडणूक फिरवतात का?

टिपणवही (धागाकर्ता)

दर चार वर्षांनी ऑक्टोबर उजाडला की अमेरिकी वाहिन्यांवरचे विश्लेषक एक जुनं सूत्र बाहेर काढतात: कॅथलिक ज्याच्या बाजूला, तो व्हाइट हाउसमध्ये. वरवर पाहिलं तर पटतंही. एक्झिट पोलनुसार २००४ मध्ये बुश यांना कॅथलिकांची ५२ टक्के मतं, केरींना ४७. २००८ मध्ये ओबामा ५४, मॅककेन ४५. २०१२ मध्ये ओबामा ५०, रॉम्नी ४८. २०१६ मध्ये ट्रम्प पुढे, २०२० मध्ये बायडन थोडे पुढे, २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प आणि तेही दणदणीत फरकाने. अपवाद २००० चा. गोर यांना कॅथलिकांची मतं किंचित जास्त होती, पण फ्लोरिडातल्या मतमोजणीच्या घोळात ते हरले.

देशातल्या प्रौढांपैकी साधारण पाचातला एक कॅथलिक आहे. हा आकडा बघून आपल्याला वाटतं की केवढी मोठी ताकद! माझं मत जरा वेगळं आहे. एकगठ्ठा असं ‘कॅथलिक मत’ अमेरिकेत आता उरलेलं नाही. उरलाय तो कॅथलिकांचा पत्ता. पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मिशिगन ही तीन राज्यं २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये निकाल ठरवून गेली, आणि तिन्हीकडे कॅथलिक वस्ती भरपूर आहे. २०१६ मध्ये मिशिगनचा फरक होता १०,७०४ मतांचा, विस्कॉन्सिनचा २२,७४८, पेनसिल्व्हेनियाचा ४४,२९२. एवढ्याशा फरकात कुठलाही गट दोन टक्क्यांनी सरकला तरी निकाल पालटतो. कॅथलिक तिथे आहेत, संख्येने आहेत आणि दोन्ही पक्षांत विभागलेले आहेत, म्हणून सगळे त्यांच्या मागे.

जाणकारांनी भर घालावी. (भारतातल्या व्होटबँका इथे आणू नयेत ही नम्र विनंती. त्यासाठी रोज एक धागा निघतोच.)

खडीसाखर

वाचतेय. पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष केनेडी, त्यांच्या वेळी नेमकं काय झालं होतं त्यावर कोणीतरी सविस्तर लिहा ना.

उलटतपासणी

सूत्रच मुळात फसवं आहे. ज्या गटाची मतं देशभरच्या मतांसारखीच फुटतात, तो गट जिंकणाऱ्याच्या बाजूला दिसणारच. त्याने देशाला वळवलं की तो देशाबरोबर वळला, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

शिवाय विदा (आकडेवारी) कुठला घेता त्यावर सगळं अवलंबून. २०२० चंच बघा. एक्झिट पोल सांगतो की बायडन ५२, ट्रम्प ४७. एपी वृत्तसंस्थेचं ‘व्होटकास्ट’ सर्वेक्षण सांगतं ट्रम्प ५०, बायडन ४९. प्यू संस्थेने प्रत्यक्ष मतदान केलेल्यांच्या नोंदी पडताळून केलेला अभ्यासही ट्रम्प ५०, बायडन ४९ असाच. म्हणजे तीनपैकी दोन मोजण्या मानल्या, तर कॅथलिकांनी २०२० मध्ये हरणाऱ्याला मत दिलं आणि वाहिन्यांचं सूत्र तिथेच मोडलं. तरी २०२४ ला पुन्हा तेच वाक्य ऐकवण्यात आलं.

निंबोणी

खडीसाखर, केनेडींकडे जायचं तर थोडं मागून यावं लागेल. पोस्ट लांबणार, आधीच सांगते.

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळ झाला आणि आयरिश कॅथलिकांचे लोंढे बॉस्टन, न्यूयॉर्कला आले. त्यांच्याविरुद्ध पक्षच उभा राहिला. अधिकृत नाव अमेरिकन पार्टी, लोक म्हणायचे ‘नो नथिंग’, कारण संघटनेबद्दल विचारलं की सभासदांनी ‘मला काही माहीत नाही’ म्हणायचं असा दंडक. १८५६ मध्ये त्यांचे उमेदवार होते माजी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर. जिंकलं एकच राज्य, मेरीलँड. गंमत म्हणजे त्या वसाहतीची स्थापनाच मुळी एका कॅथलिक घराण्याने केली होती.

मग १८८४. रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन. त्यांची आई आयरिश कॅथलिक, त्यामुळे आयरिश मतं फुटतील अशी आशा होती. मतदानाला आठवडा उरला असताना न्यूयॉर्कमध्ये पाद्री सॅम्युअल बर्चर्ड यांनी ब्लेन यांच्यासमोर भाषण केलं आणि डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे ‘दारू, रोमचा धर्म (म्हणजे कॅथलिक पंथ) आणि बंडखोरी’ यांचा पक्ष असं म्हणून टाकलं. ब्लेन गप्प बसले. ते वाक्य हँडबिलांवर छापून आयरिश वस्त्यांत वाटलं गेलं. ब्लेन यांनी न्यूयॉर्क जेमतेम हजार-अकराशे मतांनी गमावलं, आणि न्यूयॉर्कबरोबर राष्ट्राध्यक्षपद. एका वाक्याने निवडणूक गेली असं म्हणणं इतिहासकारांना आवडत नाही, पण हजार मतांच्या फरकात ते वाक्य वगळायचं तरी कसं?

१९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर आल स्मिथ. मोठ्या पक्षाचा पहिला कॅथलिक उमेदवार. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने जळते क्रूस लावून विरोध केला. दक्षिण तेव्हा डेमोक्रॅटांची हक्काची, तरी टेक्सस, फ्लोरिडा, व्हर्जिनिया हातची गेली. इलेक्टोरल मतं (राज्यवार मिळणारी, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी) अशी: रिपब्लिकन हूव्हर ४४४, स्मिथ ८७. पण त्याच निवडणुकीत मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड डेमोक्रॅटांकडे आली आणि मोठ्या शहरांतला कॅथलिक कामगार पक्षाशी बांधला गेला. चार वर्षांनी डेमोक्रॅट रूझवेल्ट आले तेव्हा जमीन तयार होती.

आणि १९६०. आधी वेस्ट व्हर्जिनियाची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीचं मतदान), जिथे कॅथलिक नगण्य. केनेडींनी तिथे ह्युबर्ट हम्फ्री यांना हरवलं आणि प्रोटेस्टंट राज्यातही आपण जिंकू शकतो हे पक्षाच्या पुढाऱ्यांना दाखवून दिलं. मग १२ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाद्र्यांच्या सभेत ते उभे राहिले. आशय असा: मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, मी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथलिक आहे, धर्मपीठाच्या आदेशाने मी राज्य चालवणार नाही. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या आकड्यांनुसार १९५६ मध्ये डेमोक्रॅट स्टीव्हन्सन यांना कॅथलिकांची ५१ टक्के मतं होती, केनेडींना ७८. देशभरातला फरक होता सव्वा लाखाच्याही आत! मात्र तेव्हाच्या अभ्यासकांचा निष्कर्ष उलटाच आहे. प्रोटेस्टंट मतं तुटल्यामुळे देशभराच्या बेरजेत धर्माने केनेडींचं नुकसानच केलं. फायदा झाला तो उत्तरेतल्या मोठ्या राज्यांत, जिथे इलेक्टोरल मतं जास्त होती.

टिपणवही

निंबोणी, कडक प्रतिसाद. तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच माझा मुद्दा आला. ‘किती’पेक्षा ‘कुठे’ महत्त्वाचं, हे १९६० मध्येच दिसलं होतं.

आता हे बघा. आजवर मोठ्या पक्षांनी चार कॅथलिकांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली: स्मिथ, केनेडी, केरी, बायडन. चौघेही डेमोक्रॅट. केनेडींना ७८ टक्के कॅथलिक मतं, केरींना ४७, बायडन निम्म्यावर अडकलेले. ‘आपला माणूस’ म्हणून मिळणारी मतं साठ वर्षांत विरघळून गेली. कारण तोवर कॅथलिक कोपऱ्यातला समाजच राहिला नव्हता. महायुद्धानंतर सैनिकांना सरकारी खर्चाने शिक्षण मिळालं, उपनगरात घरं झाली, प्रोटेस्टंटांशी सोयरिकी झाल्या. १९७२ मध्ये रिपब्लिकन निक्सन यांनी बहुसंख्य कॅथलिक मतं मिळवली, तेव्हा जुनी बांधिलकी संपल्याचं पहिल्यांदा लख्ख दिसलं. १९८० मध्ये रेगन आले. डेट्रॉइटशेजारच्या मॅकोम परगण्यातले मोटार कारखान्यांचे कामगार, युनियनवाले, कॅथलिक आणि आता रिपब्लिकनांना मत देणारे: ‘रेगन डेमोक्रॅट’ म्हणतात ते यांनाच.

बर्फाळ

पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात राहतो म्हणून लिहितो. इथे लुझर्न परगणा आहे, विल्क्स-बॅरी शहराचा. जुना कोळशाचा पट्टा. खाणी चालू होत्या तेव्हा पोलिश लोकांचं वेगळं चर्च, इटालियनांचं वेगळं, स्लोव्हाकांचं वेगळं, आयरिशांचं वेगळं, आणि सगळी कॅथलिकच. खाणी गेल्या, तरुण मुलं बाहेरगावी गेली, एकेक चर्च बंद करून दुसऱ्यात मिसळलं गेलं.

हा परगणा २००८ आणि २०१२ दोन्ही वेळा ओबामांकडे होता. २०१६ ला ट्रम्प इथे सुमारे २६,००० मतांनी जिंकले. वर टिपणवहींनी राज्याचा फरक दिलाय, ४४,२९२. त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या लुझर्नमधून आला!

पण याला कॅथलिक मत म्हणायचं का? २०१६ च्या आधी प्रचार करणाऱ्यांबरोबर दारोदार फिरलो होतो. कारखाने, चीन, शेजारच्या हेझल्टनमध्ये आलेले डोमिनिकन लोक, औषधांच्या किमती, असं सगळं ऐकायला मिळालं. पोपचं नाव एकाही दारात निघालं नाही. आणि ते डोमिनिकनही कॅथलिकच, हे वेगळंच.

सांजघंटा

मी स्वतः कॅथलिक, अमेरिकेत राहते, रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाते. त्यामुळे आतून कसं दिसतं ते लिहिते.

पहिलं म्हणजे आमचे फादर कधीही उमेदवाराचं नाव घेत नाहीत. १९५४ पासून कायदा आहे, जॉन्सन दुरुस्ती म्हणतात. करमाफी असलेल्या संस्थेने उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. जुलै २०२५ मध्ये करखात्याने कोर्टात चर्चपुरती नरमाईची भूमिका घेतली, तेव्हा बिशपांच्या परिषदेने लगेच जाहीर केलं की आम्ही तरीही कोणाला पाठिंबा देणार नाही. प्रवचनात नाव येत नाही, पण बाहेर गाड्यांच्या काचेवर पत्रकं खोचलेली असतात. ती कोण खोचतं, हे सगळ्यांना माहीत असतं.

दुसरं, बिशपांचं मार्गदर्शक पत्रक. ‘फेथफुल सिटिझनशिप’ नावाने ओळखलं जातं, निवडणुका जवळ आल्या की पुन्हा निघतं. ते वाचलं तर कुठल्याच पक्षाला मत देता येणार नाही असं वाटतं. गर्भपाताला विरोध, तो रिपब्लिकनांच्या बाजूचा. स्थलांतरितांना आसरा, गरिबांना मदत, मृत्युदंडाला विरोध, हे डेमोक्रॅटांच्या बाजूचं. शिकागोचे कार्डिनल बर्नार्डिन १९८३ पासून म्हणत होते की हे सगळं एकच वस्त्र आहे, फाडून अर्धं घेऊ नका. पण मतपत्रिकेवर ते फाडूनच घ्यावं लागतं. मग प्रत्येक जण आपल्याला आवडतो तो अर्धा उचलतो आणि वर म्हणतो की मी चर्चच्या शिकवणीप्रमाणे मत दिलं.

तिसरं, सर्वेक्षणांत ‘कॅथलिक’ म्हणून मोजलेल्यांपैकी दर आठवड्याला मिस्सेला जाणारे साधारण दहात तीन. गर्भपात सर्व किंवा बहुतेक परिस्थितींत कायदेशीर असावा असं म्हणणारे दहात सहा. खरी भेग गोरे मतदार आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाचे) मतदार यांच्यात आहे, आणि गोऱ्यांमध्ये पुन्हा नियमित जाणारे आणि नाताळ-ईस्टरपुरते येणारे यांच्यात.

उलटतपासणी

सांजघंटा, म्हणजे बिशपांच्या हातात काहीच नाही असं म्हणायचंय का? मग २००४ मध्ये केरींवर एवढं रान का उठवलं गेलं?

सांजघंटा

हातात काहीच नाही असं नाही. हातात आहे ते लाजवणं. २००४ मध्ये सेंट लुइसचे आर्चबिशप रेमंड बर्क म्हणाले की केरी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे आहेत, ते आले तर मी त्यांना कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) देणार नाही. झालं, पत्रकार दर रविवारी केरींच्या मागे: आज कुठल्या चर्चमध्ये, मिळालं की नाही? त्याआधी १९८४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार जेराल्डिन फेरारो यांना न्यूयॉर्कचे आर्चबिशप ओकॉनर यांनी असंच धारेवर धरलं होतं. तेव्हा गव्हर्नर मारिओ कुओमो नोत्रदाम विद्यापीठात गेले आणि माझी श्रद्धा मी सगळ्यांवर कायद्याने लादू शकत नाही, असं सविस्तर मांडून आले. पुढचे सगळे कॅथलिक डेमोक्रॅट त्याच भाषणावर उभे आहेत.

बायडन यांच्या वेळी हेच पुन्हा. जून २०२१ मध्ये बिशपांनी कम्युनियनवर निवेदन लिहायचं ठरवलं, त्यावर त्यांच्यातच उघड भांडण झालं. ऑक्टोबरमध्ये बायडन रोमला पोप फ्रान्सिस यांना भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले की पोपने मला कम्युनियन घेत राहा असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये बिशपांचं निवेदन आलं, त्यात बायडन यांचं नावही नव्हतं.

निंबोणी

थेट प्रश्नावर मतदान झालं तेव्हाचे निकाल बघा, म्हणजे बिशपांची पोच कळेल. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेडचा निकाल रद्द केला. ऑगस्टमध्ये कॅन्ससमध्ये गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढायचं का, यावर मतदान झालं. तिथल्या आर्चडायोसीसने (आर्चबिशपांच्या धर्मप्रांताने) वीस लाख डॉलरहून जास्त पैसे ओतले. निकाल: ५९ टक्के विरोधात. आणि कॅन्सस म्हणजे रिपब्लिकनांचा गड. पुढच्या वर्षी ओहायोतही बिशप हरले, तिथे तर कॅथलिक भरपूर.

मधलीसुट्टी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण हे सगळं आपल्याकडच्या अमुक समाजाच्या मतांसारखंच...

टिपणवही

मधलीसुट्टी, धाग्याच्या शेवटी कंसात काय लिहिलंय ते वाचा बरं एकदा. 😀

निंबोणी, ओहायोबद्दल एक जोड. २००४ मध्ये तिथेच समलिंगी विवाहबंदीचा प्रश्न राष्ट्राध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवरच होता, तो मोठ्या फरकाने मंजूर झाला आणि बुश सुमारे १,१८,००० मतांनी जिंकले. तिथे चर्चला जाणाऱ्या मतदाराला बाहेर काढण्यासाठी तो प्रश्न उपयोगी पडला असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं. त्यामुळे बिशप मन वळवू शकत नाहीत हे मान्य, पण आधीच वळलेल्याला घराबाहेर काढण्याची ताकद कमी लेखू नये.

वाटाड्या

तुम्ही सगळे चुकीच्या जागी प्रभाव शोधताय. मतदार सोडा, न्यायाधीश बघा. सर्वोच्च न्यायालयातल्या नऊपैकी सहा कॅथलिक: रॉबर्ट्स, थॉमस, अलिटो, सोटोमायोर, कॅव्हनॉ, बॅरेट. रो रद्द करणाऱ्या पाच मतांपैकी चार याच यादीतली, आणि पाचवे गोर्सच वाढले कॅथलिक घरातच. न्यायाधीशांच्या याद्या बनवण्यात ज्यांचा हात होता ते लेनर्ड लिओ कॅथलिक. इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) लोकांनी मतं दिली, कॅथलिकांनी वकील दिले. रिपब्लिकन पक्षात गेली तीस-चाळीस वर्षं ही वाटणी चालू आहे.

उलटतपासणी

+१. या धाग्यातला सर्वांत दमदार मुद्दा. फक्त सोटोमायोर त्या यादीत आहेत आणि त्यांनी नेमकं विरुद्ध मत नोंदवलं, हेही लिहायला हवं होतं.

ओसरी

हिस्पॅनिक कॅथलिकांबद्दल अजून कोणी नीट लिहिलं नाही, म्हणून. आज अमेरिकेत दर दहा कॅथलिकांमागे तीनेक हिस्पॅनिक आहेत आणि तरुणांत हे प्रमाण आणखी जास्त. गोऱ्या कॅथलिकांपैकी दहात सहाच्या आसपास ट्रम्प यांच्याकडे, हे तिन्ही निवडणुकांत थोड्याफार फरकाने टिकलं. हललं ते हिस्पॅनिकांचं मत. २०२० मध्ये त्यांच्यात डेमोक्रॅट खूप पुढे होते, २०२४ मध्ये ती आघाडी बरीच आटली.

टेक्ससमध्ये मेक्सिकोच्या हद्दीला लागून स्टार परगणा आहे. जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक, परंपरेने कॅथलिक. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना तिथे ७९ टक्के मतं होती. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकण्याची ही १८९२ नंतरची पहिलीच वेळ! सीमेवर राहणारे, सीमा-गस्तीत नोकरी करणारे, महागाईने कावलेले लोक. हेच लोक दुसऱ्या पक्षाकडे गेले, तेव्हा बिशप मात्र स्थलांतरितांच्या बाजूने बोलत होते.

बर्फाळ

ओसरी, म्हणजे लुझर्नमध्ये दहा वर्षांपूर्वी झालं तेच स्टारमध्ये आता. इथे आजोबा पोलंडहून आले, तिथे पणजोबा मेक्सिकोतून. दोन्हीकडे नव्याने येणाऱ्यांबद्दलचा सूर तोच.

सांजघंटा

आणि म्हणूनच पुढची दोन-तीन वर्षं मला जास्त कुतूहलाची वाटतात. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स २०१९ मध्ये कॅथलिक झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी आधी घरचे, मग शेजारी, मग देश, मग जग, असा प्रेमाचा क्रम सांगून स्थलांतराच्या धोरणाचं समर्थन केलं. फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकी बिशपांना पत्र लिहून त्या क्रमाचा अर्थ असा नाही हे स्पष्ट केलं. आता पोप आहेत लिओ चौदावे, मूळचे शिकागोचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बाल्टिमोरला बिशपांनी सरसकट हद्दपारीविरुद्ध जवळपास एकमताने संदेश काढला. गर्भपातावर एकमेकांशी भांडणारे हेच ते बिशप.

आमच्या पॅरिशमध्ये तो संदेश वाचून दाखवला तेव्हा दोन बाकांवरून लोक उठून गेले. स्पॅनिश मिस्सेला मात्र टाळ्या पडल्या म्हणे.

उलटतपासणी

टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी मतदार किती आणि त्यांतले स्टारसारखे किती, हे बघावं लागेल.

आणि टिपणवही, तुमच्या ‘चौघेही डेमोक्रॅट’ या नोंदीला जोडून एक प्रश्न. व्हान्स यांना २०२८ ची उमेदवारी मिळाली तर ते पहिले कॅथलिक रिपब्लिकन उमेदवार ठरतील. गोऱ्या कॅथलिकांची मतं त्यांच्या पक्षाकडे आधीच आहेत, तिथे धर्माने फार वाढ होईल असं मला वाटत नाही. दक्षिणेतल्या ज्या इव्हँजेलिकलांच्या पणजोबांनी १९२८ मध्ये आल स्मिथ यांना पाडलं, ते यांना मत देतील की नाही?

टिपणवही

देतील. डोळे झाकून देतील. २०१२ मध्ये त्यांनी मॉर्मन रॉम्नी आणि कॅथलिक पॉल रायन या जोडीला मत दिलंच की. तिथे आता पंथ बघत नाहीत, पक्ष बघतात. मला धास्ती वाटली असती ती विस्कॉन्सिनच्या ग्रीन बे भागातल्या कॅथलिकांची. रविवारी बिशपांचं ऐकून मंगळवारी मतदानाला जाणारे तिथे थोडेच असतील, पण व्हान्स यांच्या जागी मी असतो तर २०,००० मतांनी फिरणाऱ्या राज्यात त्या थोड्यांशीही भांडण काढलं नसतं.